पाणी कोठवर, काठ कोणाचा

धडगावाहून उत्तरेकडे सातपुड्याची उतरण उतरत भुषा गावाशी आले, म्हणजे डोंगरांच्या दोन रांगांमध्ये पसरलेले आणि पलीकडे मध्य प्रदेशाच्या टेकड्यांना टेकलेले नर्मदेचे विस्तीर्ण पाणी दृष्टीस पडते. आणि शहरातील दाटीवाटीत आयुष्याची बरीच वर्षे घालविलेल्या माणसाच्या मनात, ते पाहताच, येथे आपले एक लहानसे घर असावे, सकाळी उठून ओसरीवर बसावे आणि पाण्याकडे पाहत राहावे, अशी इच्छा उत्पन्न व्हावी हे अगदी स्वाभाविक आहे. आपले पूर्वज नदीच्या घाटावर वाडे बांधीत आले, नदीची नावे मुलींना ठेवीत आले आणि अखेरच्या यात्रेसाठीही नदीच्याच काठी गेले. परंतु त्यांना आपापल्या नदीचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने ठाऊक झालेला होता. धरणाच्या भिंतीने निर्माण केलेल्या जलाशयाचा स्वभाव सांगणारा आजोबा मात्र कोणत्याही गावात भेटत नाही, कारण आजोबांच्या तरुणपणी तो जलाशयच नव्हता. म्हणून पाण्याकाठी घर घेऊ इच्छिणाऱ्याने जागेचा भाव विचारण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत: पाणी कोठवर येते, आणि काठ कोणाचा आहे. बाकीच्या बहुतेक चौकश्या या दोहोंच्या पोटात येतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी मिळत नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. भुष्यासमोरचे पाणी सरोवरासारखे दिसत असले, तरी ते गुजरातेत केवडियाजवळ बांधलेल्या सरदार सरोवर धरणाच्या, सुमारे २१४ किलोमीटर लांबीच्या जलाशयाचा एक भाग आहे आणि त्याचा काठ कोठे असावा हे निसर्गाने ठरविलेले नसून हुकुमांनी ठरविलेले आहे. धरणाची कोनशिला ५ एप्रिल १९६१ रोजी बसली. नर्मदा जलविवाद न्यायाधिकरणाचा निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये अमलात आला. दीर्घ आंदोलन आणि न्यायालयीन लढा यांमुळे काही वर्षे थांबलेले काम सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑक्टोबर २००० च्या निर्णयाने पुन्हा सुरू झाले. २००६ च्या अखेरीस भिंत १२१.९२ मीटरपर्यंत चढली. १२ जून २०१४ रोजी तिच्यावर दरवाजे उभारण्याची परवानगी मिळाली, २०१७ मध्ये ते दरवाजे मिटण्याची परवानगी मिळाली, आणि १५ सप्टेंबर २०१९ रोजी जलाशय प्रथमच आपल्या पूर्ण संचय पातळीपर्यंत, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत, भरला. आता अशी कल्पना करा, की २००७ साली कोणा गृहस्थाने भिंतीच्या त्या वेळच्या माथ्याहून उंचीने पंधरा मीटर वर, म्हणजे जवळजवळ पाच मजले वर, एखादी जागा पसंत केली आणि इतक्या उंचीवर पाणी कशाला येते, असे म्हणून तेथे घर बांधले. बारा वर्षांनी त्या घराच्या जोत्यावर पावणेदोन मीटर पाणी, म्हणजे पुरुषभर पाणी, उभे राहिले असते. त्या गृहस्थाच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता. त्याने पाणी पाहिले, परंतु धरणाचा आराखडा पाहिला नाही.

तेव्हा कोणत्याही जलाशयाकाठी गेल्यावर तीन आकडे लिहून आणावेत आणि ते दलालाकडून न आणता जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयातून आणावेत. पहिला आकडा पूर्ण संचय पातळीचा, जेथवर पाणी दरसाल चढविण्याचा हेतू असतो; दुसरा महत्तम पाणीपातळीचा, जेथवर ते महापुराच्या वेळी चढू शकते; आणि तिसरा, ज्याच्या खाली पाणी सहसा उतरविले जात नाही त्या किमान पातळीचा. सरदार सरोवराच्या बाबतीत हे आकडे अनुक्रमे १३८.६८, १४०.२१ आणि ११०.६४ मीटर असे आहेत. पहिल्या दोहोंतील अंतर दीड मीटरचे दिसते आणि म्हणून उपेक्षणीय वाटते. पण न्यायाधिकरणाने आपल्या निवाड्यात शेत आणि घर यांत येथेच भेद केला होता. पूर्ण संचय पातळीखालची सारी खासगी जमीन संपादन करावयाची, आणि त्या पातळीपासून महत्तम पातळीपर्यंतच्या पट्ट्यात जी घरे असतील ती मात्र त्यांच्या आवारासह संपादन करावयाची, असा तो भेद होता. कारण शेतात आठ दिवस पाणी राहिले तर एक पीक जाते, घरात राहिले तर संसार जातो. कायदेपंडितांनी जो विवेक दाखविला तोच खरेदीदाराने दाखवावा, आणि आपले जोते महत्तम पातळीच्या वर पुरेसे अंतर राखून येते की नाही, हे परवानाधारक मोजणीदाराकडून समुद्रसपाटीपासूनचा तलांक काढवून तपासावे. मोजणीदाराची फी घराच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असते. आणि मी जी जी चौकशी या लेखात सुचविणार आहे, तीतून एकच करण्याइतकी कोणाची ऐपत किंवा सवड असेल तर त्याने हीच करावी.

तलांक काढल्यावरही एक गोष्ट राहते. धरणाच्या भिंतीपाशी मोजलेली पातळी आणि भिंतीपासून शंभर किलोमीटर वरची पातळी या पुराच्या वेळी एकच असत नाहीत. वरून येणारा लोंढा जलाशयाच्या भरलेल्या पाण्यावर आदळून मागे तुंबतो, पाणी उगमाच्या बाजूला चढत जाते, आणि त्या चढलेल्या भागास आपल्याकडे फुगवटा असे अगदी समर्पक नाव आहे. हा फुगवटा मुख्य नदीपुरता राहत नाही, तो उपनद्यांच्या आणि ओढ्यांच्या मुखांतून आत शिरतो. मध्य प्रदेशात बडवानी आणि धार या जिल्ह्यांत, ज्यांना बुडितातून वगळलेले होते अशा घरांमध्येही सप्टेंबर २०२३ मध्ये पाणी शिरले. धडगावच्याच अक्राणी तालुक्यातील बिलगावची गोष्ट तर मला फार चटका लावणारी वाटते: तेथील आदिवासींनी श्रमदान करून धबधब्याच्या पाण्यावर चालणारा एक लहानसा वीजप्रकल्प २००३ साली उभारला, झोपड्यांतून दिवे लागले, आणि तीनच वर्षांनी, २००६ च्या पावसाळ्यात, तो पाण्याने गिळला. म्हणून ज्या ठिकाणी एखादी उपनदी किंवा मोठा नाला जलाशयास मिळतो, त्या ठिकाणची जागा, देखावा कितीही रमणीय असला, तरी अधिक संशयाने पाहावी.

नद्यांच्या काठी, जेथे शासनाने पूररेषा आखल्या आहेत, तेथे निळी रेषा आणि लाल रेषा या दोन संज्ञा वाचकांनी पाठ करून ठेवाव्यात. सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखविते आणि तिच्या आत घर बांधणे निषिद्ध आहे; शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषा दाखविते, आणि दोहोंमधील पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ ‘आपल्या हयातीत नाही’ असा अनेकजण करून घेतात, तो चुकीचा आहे. शंभरांत एक ही शक्यता दरवर्षी नव्याने उभी राहते, गेल्या वर्षी पूर येऊन गेला म्हणून यंदा तिने विश्रांती घ्यावी असा काही नियम नाही.

पाणी कोठवर चढते ही अर्धी चौकशी झाली. ते कोठवर उतरते ही उरलेली अर्धी, आणि लोक ती हटकून विसरतात. जागा दाखविणारा मनुष्य आपणांस ऑगस्ट ते डिसेंबर या काळात नेतो, जेव्हा जलाशय काठोकाठ भरलेला असतो. आपण मात्र त्याच जागी वैशाखात, भर दुपारी, पुन्हा एकदा जावे. वर दिलेल्या पूर्ण आणि किमान पातळ्यांमध्ये अठ्ठावीस मीटरांचे अंतर आहे; दहा मीटर चालल्यावर एक मीटर उतरावे इतका जरी उतार असला, तरी उन्हाळ्यात पाणी आपल्या पायऱ्यांपासून पावणेतीनशे मीटर दूर गेलेले असेल, आणि मधला सारा पट्टा भेगाळलेल्या गाळाचा असेल. उतार याहून सौम्य असला तर अंतर कित्येक पटींनी वाढते. सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील उजनीच्या जलाशयात पाणी खाली गेले म्हणजे पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर पुन्हा वर येते आणि लोक ते पाहण्यास जातात. पाहुण्याला ते दृश्य अद्भुत वाटते, पण ज्याने पाण्याच्या देखाव्यासाठी अधिक पैसे मोजले त्याला ते वर्षाचे काही महिने निमूटपणे सोसावे लागते. शिवाय हा उघडा पडलेला गाळ बेवारस नसतो. त्याला गाळपेर जमीन म्हणतात, आणि पाणी ओसरल्यावर ती कसण्याचा हक्क शासन पट्ट्याने देते, त्यातही धरणग्रस्तांना प्राधान्य असते. म्हणजे आपल्या अंगणासमोर कोणी नांगर धरून उभा राहिला, तर तो आक्रमण करीत नसून आपल्या हक्काची वहिवाट करीत असण्याचाच संभव अधिक. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमाप्रमाणे नद्या, नाले, सरोवरे आणि तलाव यांचे तळ व त्यांतील पाणी ही शासनाची मालमत्ता आहे. तेव्हा ‘खासगी काठ’ या नावाने जे विकले जाते, ते बहुधा विकणाऱ्याचे नसते.

येथवर आलो म्हणजे दुसऱ्या प्रश्नाच्या उंबरठ्यावर आपण आपोआपच येतो, आणि धडगावच्या संदर्भात तोच प्रश्न अधिक गंभीर आहे. महसुली दप्तरात पूर्वी अक्राणी महाल म्हणून ओळखला जाणारा हा सारा तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्र आहे. येथील बहुसंख्य वस्ती पावरा आणि भिल्ल आदिवासींची आहे. आणि जमीन महसूल संहितेच्या ३६-अ या कलमान्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी माणसाच्या नावे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा भाडेपट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून, जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी पुरते. कायमच्या विक्रीस तिच्याखेरीज राज्यशासनाची पूर्वमान्यता लागते, आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमतीही. या अटी डावलून केलेला व्यवहार, तो कितीही मोठ्या मुद्रांकावर लिहिलेला असो आणि त्याखाली कितीही साक्षीदारांच्या सह्या असोत, टिकत नाही. चौकशी होऊन जमीन मूळ आदिवासी खातेदारास परत देण्याची तरतूद कायद्यातच आहे, आणि अशा जमिनी परत करण्यासाठी १९७४ साली एक स्वतंत्र अधिनियमही झालेला आहे. जमिनीवर बांधलेल्या बंगल्याची दया कायदा करीत नाही.

तालुक्याचा दुसरा मोठा भाग वनजमिनीचा आहे. अनेक कुटुंबांना २००६ च्या वनहक्क कायद्याखाली वनपट्टे मिळालेले आहेत किंवा त्यांचे दावे चालू आहेत. हा हक्क बापाकडून मुलाकडे जातो. परंतु तो विकता येत नाही, कोणाच्या नावे करून देता येत नाही, हे त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. ‘पट्टा आहे, सरकारचा शिक्का आहे, काळजी करू नका’ असे म्हणून कोणी तो कागद पुढे केला, तर कागद खरा असूनही व्यवहार खोटा असतो.

असे निर्बंध असले म्हणजे पळवाटा दाखविणारेही निघतात, आणि वाचकांनी त्या पळवाटा ओळखून ठेवाव्यात. कोणी म्हणतो, खरेदीखत न करता कुलमुखत्यारपत्र करू. कोणी म्हणतो, नव्व्याण्णव वर्षांचा करार साध्या कागदावर लिहून ठेवू. कोणी सुचवितो, एखाद्या विश्वासू आदिवासी माणसाच्या नावे जमीन घेऊ, पैसे तुम्ही द्या, राहा तुम्हीच. या तिन्ही मार्गांत पैसा जाण्याचा धोका तर आहेच. पण मला याहून मोठी वाटणारी गोष्ट निराळी आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातील तेहतीस गावे आली, त्यांपैकी नऊ अक्कलकुवा तालुक्यातील आणि चोवीस याच अक्राणी तालुक्यातील. मणिबेलीपासून सुरू झालेल्या त्या रांगेतील कित्येक कुटुंबे तळोद्याकडे, सपाटीवर, वसाहतींत नेऊन वसविण्यात आली. कित्येक डोंगराच्या वरच्या अंगास सरकली आणि उरलेल्या तुकड्यावर मका-ज्वारी काढून राहिली. ज्यांचे घर, शेत आणि पूर्वजांचे स्मारकदगड एकदा पाण्याने घेतले, त्यांच्या हाती उरलेला वरचा तुकडा, केवळ तेथून पाणी सुंदर दिसते म्हणून, शहरातील माणसाने कागदाच्या करामतीने घ्यावा, हे माझ्या मते कोणत्याही सद्‌गृहस्थाला शोभणारे नाही. आणि म्हणून धडगाव परिसरात पाण्याकाठी घर घेण्याविषयी कोणी माझा सल्ला विचारला, तर तो देण्यास मला क्षणभरही विचार करावा लागत नाही. तेथे जमीन घेऊ नये. तेथे पाहुणे म्हणून जावे, राहण्याचा आणि जेवणाचा योग्य मोबदला द्यावा, बाजारातून सातपुड्याचे आमचूर घ्यावे आणि परत यावे.

त्याच तालुक्यातील तोरणमाळचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण सुमारे अकराशे चाळीस मीटर उंचीवरील त्या पठारावर यशवंत तलाव आहे, कमळांनी भरलेला कमळ तलाव आहे, आणि थंड हवेच्या ठिकाणी तलावाकाठी घर ही कल्पना नर्मदेच्या फुगवट्यापेक्षाही अधिक मोहक आहे. अशा लहान डोंगरी तलावाची पातळी अठ्ठावीस मीटरांनी खालीवर होत नाही हे खरे. परंतु भोवतालचा बराचसा मुलूख राखीव वनाचा आहे, वर सांगितलेले सारे निर्बंध येथेही लागू आहेत, आणि त्याखेरीज लहान तलावाची स्वतःची अशी एक दुर्बलता असते. मोठा जलाशय मनुष्यांची घाण काही काळ पचवू शकतो. लहान तलाव पाच-पन्नास घरांच्या सांडपाण्यानेही आजारी पडतो. कोल्हापूरचा रंकाळा हा छत्रपतींच्या नगरीचा अलंकार. त्यालाही जलपर्णी आणि सांडपाणी यांच्याशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. तेव्हा जेथे कायद्याने खरेदी शक्य आहे अशा तलावाकाठी, आपल्या घराचे सांडपाणी कोठे जाईल एवढेच विचारू नये, शेजाऱ्यांचे आज कोठे जाते हेही जाऊन पाहावे. तलावाच्या वरच्या अंगास नवी वस्ती होत असेल, तर दहा वर्षांनंतरच्या पाण्याचा वास आजच ओळखता येतो.

ज्यांना नाशिक, पुणे, सातारा या बाजूंस जलाशयाकाठी कायदेशीररीत्या जागा घेता येण्यासारखी आहे, त्यांनी कागदपत्रांच्या बाबतीत धडगावचा धडा सोबत न्यावा. सातबाऱ्याचा उतारा दलालाने दिलेला न घेता स्वतः ताजा काढावा आणि तो केवळ मालकाचे नाव पाहून मिटू नये. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे पाहावे. वर्ग २ असल्यास ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा, पुनर्वसनासाठी राखीव असल्याचा शेरा किंवा आदिवासी खातेदार असल्याची नोंद आहे काय, हे अक्षर अन् अक्षर वाचावे. धरणांच्या लाभक्षेत्रात आणि बाधित क्षेत्रात पुनर्वसन कायद्याखाली हस्तांतरावर बंदी घातलेली असते; तो एका ओळीचा शेरा अनेक खरेदीदारांच्या नजरेतून सुटतो. मग मागील फेरफार एकेक करून पाहावेत, कारण आजचा स्वच्छ उतारा कालच्या अस्वच्छ फेरफारावर उभा असू शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयातील नोंदींवरून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. शेतजमीन असेल तर ती घेणारा स्वतः शेतकरी असला पाहिजे हे कूळकायद्याचे बंधन, आणि गुंठ्यागुंठ्याने तुकडे विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने घातलेली मर्यादा, ही दोन्ही लक्षात ठेवावीत. या नियमांत वेळोवेळी फरक होत असतात, म्हणून आज काय लागू आहे ते तहसील कार्यालयातच विचारावे.

येथे एक साधी युक्ती सांगतो. कर्जाची गरज नसली तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेकडे त्या जागेवर कर्ज मिळेल काय, अशी विचारणा करावी. बँकेचा वकील जो कागद पाहून मान हालवितो, त्या कागदावर आपण आपली आयुष्याची पुंजी लावू नये.

बांधून तयार असलेल्या वसाहतीत घर घेणाऱ्याला या साऱ्यातून सुटका मिळते असे नाही. वरसगावच्या जलाशयाकाठी उभ्या राहिलेल्या लवासाचे उदाहरण सर्वांना स्मरत असेल: रस्ते, बगीचे, पाण्याकाठचे रंगीत दर्शनी भाग, सारे काही होते, तरी २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याचा हुकूम काढला, आणि २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले. घरांसाठी पैसे भरलेल्या सामान्य माणसांना मधली सारी वर्षे वाट पाहण्यात घालवावी लागली. म्हणून प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे काय, पर्यावरणविषयक मंजुरी आणि जलसंपदा विभागाचे नाहरकत पत्र यांच्या प्रती मिळतात काय, आणि त्या प्रतींवरील गट क्रमांक आपल्या जागेचाच आहे काय, हे पाहावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण मंजुरी एका गटाची आणि बांधकाम शेजारच्या गटात, असे घडू शकते.

जमिनीच्या पोटाचीही परीक्षा झाली पाहिजे. पाणी झपाट्याने उतरते तेव्हा काठाच्या मातीत मुरलेले पाणी मागे राहते, बाहेरचा आधार गेलेला असतो, आणि काठ ढासळतो. म्हणून काठाच्या अगदी कडेवरील जागा, विशेषतः काळ्या मातीची, घेऊ नये, आणि मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो हे खड्डा खणून पाहावे. पाठीमागे उंच डोंगर असेल तर पाण्याकडे पाठ करून त्या डोंगराकडे पाहावे. डिंभे धरणाच्या परिसरातील माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गाडले गेले. त्या गावाला पाण्याने गाठले नव्हते, गाठले ते डोंगराने. आणि घर जलाशयाच्या वरच्या अंगास नसून भिंतीच्या खालच्या अंगास असेल, तर त्या भिंतीचे वय, तिची देखभाल आणि सांडव्याचा मार्ग यांची चौकशी करावी. १२ जुलै १९६१ रोजी फुटलेले पानशेतचे धरण पुण्याची जुनी माणसे अद्याप विसरलेली नाहीत. परंतु भिंत न फुटताही संकट येते, हे नागपूरकरांनी २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अनुभविले, जेव्हा मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या सुस्थित वसाहतींच्या घराघरांत पाणी शिरले. तलावाजवळ राहण्याचे भूषण मानणाऱ्या त्या वसाहतींत सांडव्याची वाट कोठून जाते, हा प्रश्न घर घेताना किती जणांनी विचारला असेल?

उरली रोजच्या जीवनाची सोय. जागा कोरडी राहिली म्हणजे झाले, असे समजू नये. रस्ता कोरडा राहतो काय, हे पाहावे. नर्मदेच्या बुडितात काही पाडे असे आहेत की जे स्वतः बुडाले नाहीत, पण त्यांच्या वाटा बुडाल्या, आणि चहूकडून पाण्याने वेढलेल्या अशा पाड्याला तेथील लोक टापू म्हणतात. टापूवरच्या माणसाला दवाखाना, बाजार आणि शाळा ही सारी होडीच्या भरवशावर गाठावी लागतात. होडीचा भरवसा किती असतो, हे १५ जानेवारी २०१९ रोजी भुषा येथेच दिसून आले: संक्रांतीच्या पर्वावर नर्मदेच्या पूजेस निघालेल्या आदिवासींची होडी उलटली आणि तीत लहान मुलांसह काही जीव गेले. म्हणून ज्या घरात मुले राहणार आहेत, त्या घरापासून पाण्यापर्यंतचा उतार किती तीव्र आहे, आणि पाणी काठाशी उथळ आहे की एकदम खोल, हे पालकांनी स्वतः पाहिले पाहिजे. बुडालेल्या डोंगराच्या काठाला समुद्रकिनाऱ्यासारखी हळूहळू वाढणारी खोली नसते. रस्त्याने जावे तर चांदसैली घाटासारख्या वाटा पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडतात. रात्री अडीच वाजता छातीत कळ आली तर किती वेळात डॉक्टरापुढे पोचू, हा हिशेब निवृत्तीनंतर पाण्याकाठी जाऊ इच्छिणाऱ्यांनी आधी मांडावा आणि मग ओसरीचा आराखडा काढावा. पिण्याच्या पाण्याची विहीर जलाशयाच्या काठी असूनही क्षारट किंवा दूषित निघू शकते, तेव्हा पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यावी. डास आणि साप यांच्याविषयी गावकऱ्यांना विचारावे. ते खरे सांगतात.

सर्व चौकश्या समाधानकारक उतरल्यावरच इसार द्यावा, आणि इसारपावतीत स्पष्ट लिहून घ्यावे, की अमुक मुदतीत अमुक परवानग्या न मिळाल्यास रक्कम पूर्ण परत होईल. हद्द कायम मोजणी भूमि अभिलेख कार्यालयाकडून, शेजाऱ्यांना रीतसर नोटिसा जाऊन, खरेदीपूर्वीच करून घ्यावी, आणि संपादनाच्या वेळी रोवलेले हद्दीचे दगड मोजणीच्या दिवशी स्वतः उभे राहून पाहावेत. ते गाळात रुतलेले असले तर उकरून पाहावेत. मग खरेदीखताचा मसुदा हाती येईल. त्यात जागेची चतुःसीमा लिहिताना लेखक सवयीने ‘उत्तरेस जलाशय’ असे लिहून मोकळा होतो. तसे लिहू देऊ नये, कारण जलाशय ही सरकणारी सीमा आहे. तेथे ‘उत्तरेस जलसंपदा विभागाने संपादन केलेली जमीन, हद्दीचा दगड क्रमांक अमुक, तलांक अमुक मीटर’ असे लिहवून घ्यावे, आणि मगच सही करावी.